खरे, खोटे, की उल्लेख नाही?

चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांत एक विनोद फार प्रसिद्ध आहे. इंग्रजी शब्दांचे पुस्तक विकत आणायचे. पहिले पान उघडले की 'ए' या अक्षराखाली पहिलाच भारदस्त शब्द भेटतो तो 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. मोठ्या उत्साहाने तो पाठ करायचा. आठवड्याभरात उत्साह मावळतो आणि पुस्तक कपाटात जाते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पान, पुन्हा 'अबॅन्डन'. म्हणून म्हणे सगळ्या चीनला इंग्रजीतला निदान एक शब्द पक्का येतो, आणि तो आचरणात कसा आणायचा हेही ठाऊक असते!

विनोद म्हणून हे ठीकच आहे. पण तो सांगणारा माणूस पन्नाशी उलटलेला, पंचवीस वर्षे मोडलेली हाडे जोडत आलेला डॉक्टर असेल, आणि केवळ इंग्रजीच्या पेपरात चार गुण कमी पडले म्हणून त्याची बढती अडून बसलेली असेल, तर ऐकणाऱ्याला मोकळेपणाने हसता येत नाही.

यजमानांच्या नोकरीमुळे २०१२ ते २०१६ अशी चार वर्षे मी चीनमधल्या सुझोऊ शहरात राहिले. त्याआधी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, हे शेजारीपाजारी कळायला वेळ लागला नाही. हळूहळू आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती संध्याकाळचा छोटा वर्गच भरू लागला. मुले नव्हे, चांगले बाप्ये आणि बाया. हाडांचे एक डॉक्टर, पुलांची कामे करणारे एक इंजिनिअर आणि सरकारी खात्यातल्या एक हिशेबनीस बाई, हे तिघे कायमचे. डॉक्टर वयाने माझ्याहून बरेच मोठे. तरीही ते मला 'लाओशी', म्हणजे आपल्याकडच्या 'बाई' किंवा 'गुरुजी'सारखेच, म्हणत आणि आदरार्थी सर्वनामानेच बोलत. शिकवणाऱ्याचे वय तिकडे कोणी पाहत नाही.

या तिघांना इंग्रजी बोलायचे नव्हते, परदेशी जायचे नव्हते की कोणाला इंग्रजीत पत्र लिहायचे नव्हते. त्यांना एक परीक्षा पास व्हायचे होते. त्या परीक्षेची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. पण ज्या घरात स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, त्या प्रत्येक घराने ती ऐकावी अशी आहे.

चीनमध्ये डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, ग्रंथपाल, हिशेबनीस अशा सर्व व्यावसायिकांना नोकरीच्या हुद्द्याखेरीज एक पदनामही असते. कनिष्ठ, मध्यम, उपवरिष्ठ, वरिष्ठ अशी त्याची शिडी. या पदनामावर पगार ठरतो, मान ठरतो, संशोधनाचा पैसा ठरतो. इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरच्या नावासमोर त्याचे पदनाम लिहिलेले असते आणि नाव नोंदवण्याचे शुल्कही त्यानुसार कमीजास्त असते. रोगी ती पाटी वाचूनच रांग निवडतो. ही शिडी चढायची तर परकीय भाषेची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे १९९९ पासून आवश्यक झाले. इंग्रजी, जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश यांपैकी कोणतीही भाषा घेता येई. पण बहुतेक सारे इंग्रजीच घेत. तिचे तीन विभाग होते: विज्ञान-तंत्रज्ञान, आरोग्य आणि सर्वसाधारण. प्रत्येकात अ, ब, क अशा तीन पातळ्या. माझ्या टेबलाशी बसलेले तिघे तीन विभागांचे होते, हा निव्वळ योगायोग.

पेपर दोन तासांचा, प्रश्न ६५, गुण १००. त्यात ऐकणे नाही, बोलणे नाही, एक ओळ लिहिणेसुद्धा नाही. फक्त वाचायचे आणि योग्य गोल काळा करायचा. पहिले १५ प्रश्न शब्दांचे. एका वाक्यातला शब्द अधोरेखित केलेला असे आणि चार पर्यायांतून त्याच्या अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द निवडायचा. मग एक उतारा आणि त्यावर सात विधाने. प्रत्येक विधान खरे, खोटे, की उताऱ्यात त्याचा उल्लेखच नाही, ते सांगायचे. मग परिच्छेदांचा आशय ओळखणे आणि वाक्ये पूर्ण करणे. त्यानंतर तीन मोठे उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला तीन गुण, म्हणजे ४५ गुण इथेच. शेवटी गाळलेली वाक्ये आणि गाळलेले शब्द भरणे. आणि आपल्याला नवल वाटेल अशी एक सोय: परीक्षेला छापील शब्दकोश नेता येई!

शब्दकोश नेता येतो म्हटल्यावर शब्दांचे १५ गुण फुकटच की, असे कोणालाही वाटेल. या परीक्षेसाठी म्हणून समानार्थी शब्दांचे खास कोशही बाजारात निघाले होते. पण पहिल्याच आठवड्यात गंमत लक्षात आली. समजा, 'रिलक्टंट' हा शब्द आला आणि पर्यायांत 'अनविलिंग' आहे. कोश उघडला, शब्द सापडला, गुण मिळाला. यात परीक्षा कसली झाली? वर्णानुक्रमाने पाने उलटण्याच्या वेगाची! ज्याची बोटे चपळ, त्याचा शब्दसंग्रह मोठा. आमच्या हिशेबनीस बाईंनी आयुष्यभर खातेवह्या उलटल्या होत्या, त्यांना कोण हरवणार?

कोश जिथे हात टेकतो ती जागा वेगळीच असते. डॉक्टरांच्या एका उताऱ्यात 'कल्चर' हा शब्द आला. कोशात पहिला अर्थ संस्कृती. चीनी भाषेत संस्कृतीला एक शब्द आणि प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याला अगदी निराळा शब्द. इंग्रजीत मात्र दोन्हींना 'कल्चर'. आपल्याकडे 'लघवीचे कल्चर करून आणा' असे डॉक्टर म्हणाले तर घरातली आजीही गोंधळत नाही, कारण तो इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात रुळला आहे. चीनी माणसाची अडचण इथेच आहे. इंग्रजी शब्द जसेच्या तसे उचलण्याची सवय त्याच्या भाषेला फारशी नाही. ती आपल्या धातूंचेच नवे नाणे पाडते. संगणक म्हणजे 'विजेचा मेंदू', आगगाडी म्हणजे 'अग्निवाहन'. आपण टेबल, स्टेशन, ऑपरेशन, टेन्शन असे शेकडो शब्द नकळत गोळा करून शाळेत जातो. तो रिकाम्या खिशाने जातो.

पण याच स्वभावाचा मला शिकवताना मोठा उपयोग झाला. डॉक्टरांना 'न्यूमोनिया', 'हेपटायटिस', 'अपेंडिसायटिस' हे शब्द काही केल्या लक्षात राहत नव्हते. त्यांच्या भाषेत न्यूमोनिया म्हणजे 'फेइ-येन', हेपटायटिस म्हणजे 'गान-येन'. 'फेइ' म्हणजे फुप्फुस, 'गान' म्हणजे यकृत आणि 'येन' म्हणजे दाह. हे 'येन' लिहितात कसे? अग्नीचे चिन्ह एकावर एक दोनदा काढून! ते पाहिले आणि मला आपली मराठी परिभाषा आठवली: फुप्फुसदाह, यकृतदाह. अपेंडिसायटिसला आपण आंत्रपुच्छदाह म्हणतो. त्यांच्या शब्दातही 'पुच्छ' आहे आणि शेवटी तोच दाह आहे. ज्या परिभाषेला आपण 'बोजड' म्हणून हसतो, तिच्या आधाराने सुझोऊतला एक डॉक्टर इंग्रजीच्या शेपटातला 'आयटिस' ओळखायला शिकला. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' दिसले की तिथे दोन ज्वाळा काढायच्या, असा नियमच आम्ही केला. त्यांची वही महिनाभरात ज्वाळांनी भरून गेली.

वाक्यरचनेच्या बाबतीतही मराठी मदतीला आली. 'काल आलेला माणूस' हे चीनीत 'त्सुओथ्येन लाय द रन'. त्सुओथ्येन म्हणजे काल, लाय म्हणजे येणे, रन म्हणजे माणूस आणि मधला 'द' आपल्या 'लेला'चे काम करतो. क्रम तंतोतंत आपलाच: आधी विशेषण, मग माणूस. इंग्रजीत मात्र माणूस आधी येतो, आणि तो कोण, केव्हा आला, कशाला आला हे लटांबर त्याच्या मागून. वाक्य लांब झाले की चीनी वाचक, आणि खरे तर मराठी वाचकही, कर्त्यापासून निघतो आणि क्रियापदापर्यंत पोचता पोचता वाट चुकतो. मी त्यांना आमच्या वर्गातली जुनी युक्ती दिली. 'हू' किंवा 'विच' दिसले की तिथे कंस उघडायचा, ती माहिती संपली की कंस मिटायचा, आणि कंस झाकून उरलेले वाक्य वाचायचे. इंजिनिअरसाहेबांना हे फार आवडले. म्हणाले, आधी खांब मोजायचे, कठडे नंतर.

शब्दसंग्रह आणि आकलन यांचा संबंध काय, यावर जगात पुष्कळ काम झाले आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी दाखवून दिले की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल, तर त्यातले शंभरपैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि कादंबरी किंवा वर्तमानपत्र अशा सहजतेने वाचायला इंग्रजीतली आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे माहीत हवीत. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी पिलावळ. याच विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये ५७० शब्दकुटुंबांची एक यादी केली. अभ्यासग्रंथांतले साधारण दहा टक्के शब्द या एवढ्याशा यादीतले असतात. विषय कोणताही असो, हे शब्द भेटतातच. माझ्या तिघांनाही मी 'अबॅन्डन'चे जाडजूड पुस्तक मिटायला लावले आणि ही यादी दिली. हजारो सुटे शब्द घोकण्यापेक्षा पाचशे शब्द दहा ठिकाणी भेटणे अधिक उपयोगाचे. ओळख एकदाच करून दिलेला पाहुणा विसरला जातो. तोच रोज दारात दिसला की शेजारी होतो.

शब्द जमू लागले, कंस जमू लागले. अडले ते 'खरे, खोटे, उल्लेख नाही' या प्रश्नात. याची गंमत आपणही करून पाहा. समजा उतारा असा आहे: 'गेल्या वर्षी या गावात पूल झाला. त्यापूर्वी नदी ओलांडायला होडी लागे.' विधान पहिले: गावाजवळ नदी आहे. खरे. विधान दुसरे: गावात पूल नाही. खोटे. विधान तिसरे: पुलामुळे होडीवाल्याचा धंदा बसला. आता काय म्हणाल? 

इंजिनिअरसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता 'खरे' लिहिले. मी म्हटले, उल्लेख कुठे आहे? ते शांतपणे म्हणाले, "लाओशी, मी अनेक पूल बांधले. प्रत्येक ठिकाणी होडीवाला भेटायला आला होता." परीक्षेच्या हिशेबाने त्यांचे उत्तर चूक होते. त्यांना जगाविषयी पेपर काढणाऱ्यापेक्षा जास्त माहिती होती, म्हणून गुण गेला.

डॉक्टरांचे बरोबर उलट होई. एकदा मी रक्तदाबावरचा एक उतारा कागदाने झाकला आणि नुसते प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले. उताऱ्याची एक ओळही न वाचता पाचांपैकी तीन उत्तरे बरोबर आली! मग त्या नऊ गुणांनी इंग्रजी वाचन मोजले, की वैद्यकाचे ज्ञान? आकलनाचा प्रश्न चांगला आहे की वाईट, हे पाहण्याची ही सोपी कसोटी घरीही करता येते. मुलाच्या पुस्तकातला उतारा झाका आणि प्रश्न विचारा. उत्तर आले, तर तो प्रश्न वाचनाचा नाही.

शिवाय पेपरातले काही उतारे अधिकृत पाठ्यपुस्तकातूनच घेतलेले असत. त्यामुळे अनेक जण पुस्तकातल्या उताऱ्यांची उत्तरे ओळीने पाठ करीत. चीनला हे नवे नाही. सुमारे तेराशे वर्षे तिथे राजदरबारच्या परीक्षा चालल्या. ठरावीक आठ भागांचा निबंध घोटून घोटून पिढ्यान्‌पिढ्या विद्वान अधिकारी झाले. १९०५ मध्ये ती पद्धत बंद झाली, पण परीक्षेने माणूस पारखावा हा विश्वास राहिला. त्या विश्वासाला एक उजळ बाजूही आहे, हे मान्य केले पाहिजे. कारकुनाचा मुलगा आणि मंत्र्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. वशिला चालत नाही तिथे पेपर हाच गरिबाचा वशिला असतो. शिवाय चीनने दारे उघडल्यावर तिथल्या व्यावसायिकाला जगातले नवे ज्ञान वाचता यावे, हा हेतू वाईट कोण म्हणेल? प्रश्न इतकाच की हेतू ज्ञान वाचण्याचा होता आणि मोजले जात होते गोल काळे करणे.

आमच्या वर्गाचा निकाल सांगते. हिशेबनीस बाई पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाल्या. इंजिनिअरसाहेब २०१४ मध्ये, होडीवाल्याला मनातून घालवून, सुटले. डॉक्टरांना २०१५ च्या वसंतात ५६ गुण मिळाले. पाहिजे होते ६०. त्या रात्री ते आले, चहा घेतला, 'अबॅन्डन'चा विनोद त्यांनी तेव्हाच सांगितला आणि पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार नाही म्हणाले. रात्रपाळी करून आल्यावर पेंगत शब्द पाठ करण्यापेक्षा तेवढा वेळ झोपले, तर सकाळच्या शस्त्रक्रियेत हात स्थिर राहतो, असे त्यांचे म्हणणे. मला त्यावर काही बोलता आले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात थू योयो यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि साऱ्या चीनमध्ये एकच चर्चा सुरू झाली. हिवतापावर 'आर्टेमिसिनिन' हे औषध शोधणाऱ्या या बाईंकडे ना डॉक्टरेट, ना परदेशातले शिक्षण, ना विज्ञान अकादमीचे सदस्यत्व. त्यांना वाट दाखवली ती चौथ्या शतकातल्या को हुंग यांच्या वैद्यकग्रंथाने. ठरावीक वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा, असे तिथे म्हटले होते. बाकीचे सगळे ती वनस्पती उकळत होते. यात उकळण्याचा उल्लेखच नाही, हे थू योयोंच्या लक्षात आले. कदाचित उष्णतेने औषधी गुण नष्ट होत असेल, म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये यश आले. कोट्यवधी रोगी त्या औषधाने बरे झाले. याला म्हणतात आकलन! 'उल्लेख नाही' हे उत्तर इतक्या मोलाचे क्वचितच कोणी दिले असेल.

परीक्षेवर टीका आधीपासूनच होत होती. प्राचीन ग्रंथांवर काम करणारे, पारंपरिक वैद्य, हस्तकलाकार आणि तालुक्याच्या खालच्या स्तरावर काम करणारे यांना सवलती देण्यात आल्याच होत्या. २०१६ च्या मार्चमध्ये ही परीक्षा शेवटची झाली. जानेवारी २०१७ मध्ये पदनाम-सुधारणेचे सरकारी धोरण जाहीर झाले आणि परकीय भाषेची सरसकट अट गेली. जिथे कामाला भाषा लागते, तिथे त्या त्या संस्थेने ठरवावे, असे झाले.

आपल्याकडेही हा वाद झालाच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतले इंग्रजी आकलनाचे प्रश्न ग्रामीण आणि देशी भाषांतून शिकलेल्या मुलांना जाचक ठरतात, म्हणून २०१४ मध्ये आंदोलन झाले. ते गुण त्या वर्षी धरले गेले नाहीत आणि २०१५ पासून तो संपूर्ण पेपर केवळ पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा झाला. इंग्रजी येते की नाही एवढे पाहा, त्यावर माणसाची उतरंड लावू नका, हा त्यातला विचार मला पटतो.

मात्र परीक्षा गेली म्हणून गरज गेली, असे कोणी समजू नये. नवे वैद्यकीय संशोधन आजही मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतच छापले जाते. २०१७ च्या उन्हाळ्यात, मी पुण्यात परतल्यावर वर्षभराने, डॉक्टरांनी फोनवर एक छायाचित्र पाठवले. हाडात बसवायच्या एका नव्या पट्टीबरोबर आलेले बारीक अक्षरांतले इंग्रजी माहितीपत्रक होते. 'हू' आणि 'विच'पाशी पेन्सिलीने कंस केलेले. एका शब्दावर दोन ज्वाळा. खाली त्यांनी विचारले होते: वृद्ध रोग्यांत ही पट्टी वापरू नका असे यात कुठे म्हटलेले मला दिसत नाही. पण वापरा असेही म्हटलेले नाही. मी बरोबर वाचतो आहे ना?

मी माहितीपत्रक दोनदा वाचले आणि कळवले, बरोबर वाचता आहात, उल्लेख नाही. त्यांनी उत्तर दिले, मग कंपनीला विचारून घेतो, तोपर्यंत जुनीच पट्टी.

या उत्तराला शंभरपैकी किती गुण द्यायचे? त्या पेपरात असा प्रश्न कधी आला नाही. येण्यासारखाही नव्हता, कारण तिथे पलीकडे टेबलावर कोणी रोगी झोपलेला नसतो.